आपल्या बाजूची बातमी पारखावी काय?

मुलांना चिकित्सक विचार करावयास शिकवले पाहिजे, याविषयी हल्ली कोणाचेच दुमत दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ते लिहिले आहे, शाळांच्या माहितीपत्रकांत ते छापलेले असते, आणि पालकसभेला आलेले पाहुणे तेच सांगून हार स्वीकारून जातात. सर्वांचे इतके एकमत झालेले पाहून आम्हाला मात्र थोडी शंका येते. ज्या गोष्टीची खरोखर किंमत मोजावी लागते तिच्यावर माणसांचे इतक्या लवकर एकमत होत नसते. आमचा तर्क असा आहे की, "मुलांनी ऐकलेले पारखून घ्यावे" असे म्हणताना प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याची बातमी असते. विरुद्ध पक्षाची, विरुद्ध भाषेची, विरुद्ध धर्माची. आपली नव्हे.

बेळगाव-निपाणी भागात राहणाऱ्या आम्हांला याचे उदाहरण शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. २०२२ च्या डिसेंबरातील दिवस वाचकांना आठवत असतील. सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. काही काळ एसटी बंद राहिली आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात जाणारी माणसे निपाणीच्या स्टँडवर ताटकळली. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीस एकत्र बसवले. दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री बसून बोलतील, असे ठरले. आणि बैठकीनंतर गृहमंत्र्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांचा हा वाद चिघळवण्यात मोठा हात होता आणि अशा प्रकरणी गुन्हे नोंदवले जातील, असे ते म्हणाले. ते संदेश नक्की कोणाचे, यावरूनही पुढे वाद झालाच.

ते कोणी लिहिले हा पोलिसांचा प्रश्न आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ते वाचले कोणी, आणि पुढे धाडले कोणी? ते धाडणारे तुमच्या आमच्या गल्लीतले होते, मंडळीत शेजारी बसणारे होते. त्या दिवसांत मराठी घरातला मोबाईल आणि कन्नड घरातला मोबाईल एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले असते, तर ही दोन निराळ्या शहरांची बातमीपत्रे आहेत असे वाटले असते. प्रत्येक घराला आपल्यावरचा दगड दिसत होता. दुसऱ्यावरचा दिसत नव्हता.

येथे एक आक्षेप घेतला जातो व तो हलका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून येथील मराठी माणूस आपल्या भाषेसाठी झगडतो आहे. शाळा, फलक, सातबारा, कचेरीतील कागद, प्रत्येक ठिकाणी त्याला ते जाणवते. त्याच्यापाशी सत्ता नाही, पैसा नाही. आहे ती एकी. अशा वेळी घरातील मुलाने बापाच्या हातातील मोबाईलकडे पाहून "हे खरं कशावरून?" असे विचारले, तर ते पोर शत्रूच्या बाजूने बोलते आहे असे बापाला वाटणारच. कन्नड घरातील बापालाही तसेच वाटेल. आपल्या माणसांनी सांगितलेले तपासणे हा आपल्या माणसांवरचा अविश्वास नव्हे काय? आणि संकटात अविश्वास दाखवणे हा द्रोह नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून शिक्षकाने वर्गात चिकित्सेचे धडे देणे व्यर्थ आहे, असे आम्हाला वाटते. मूल परीक्षेत दहापैकी दहा गुण मिळवील व घरी जाऊन संदेश पुढे धाडील.

यासाठी आधी बातमीचा एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. पुष्कळदा बातमीत दाखवलेली वस्तू खरीच असते. खोटा असतो तो तिला लावलेला अर्थ. २०१८ साली कर्नाटकासह देशाच्या अनेक भागांत एक चित्रफीत फिरली. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात व पसार होतात. पाहणाऱ्या आईबापांचे काळीज हलले. ती फीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी तेच दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि 'मुलांवर लक्ष ठेवा' अशा आशयाचा फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. बाकी एकही चित्र बदलावे लागले नाही. मुलांच्या रक्षणासाठी केलेली वस्तू, शेवट कापताच माणसे मारणारी झाली.

त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या भागात होती. ती पाचही माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी, आणि त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याची होती. मंगळवेढे येथून फार दूर नाही. तिकडील भटकी माणसे आमच्याही बाजारांत येतात. मारणारे लोक दुष्टच होते असे म्हणून सुटता येणार नाही. आपल्या मुलांवरील मायेपोटीच त्यांचे हात उठले, असे त्यांतले पुष्कळ जण सांगतील, आणि ते खोटेही नसेल. प्रेम होते. विचारपूस नव्हती.

आता यहोशवाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय पाहा. शब्बाथ शाळेत यरीहोच्या भिंतींचा धडा दर वर्षी होतो, या अध्यायाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. आम्हां सीमेवरच्या लोकांसाठी तर तो मुद्दाम लिहून ठेवल्यासारखा आहे. लढाया संपल्या आहेत. रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश यार्देन ओलांडून आपल्या वतनाला परत जातात आणि जाताना नदीकाठी एक मोठी वेदी बांधतात. बातमी अलीकडे पोहोचते. इस्राएलाची सगळी मंडळी शिलो येथे जमते, ती त्यांच्यावर चालून जाण्यासाठीच. परंतु निघण्यापूर्वी ते याजकाचा मुलगा फिनहास व दहा सरदार यांना पलीकडे धाडतात. हे शिष्टमंडळ काही मोकळ्या मनाने गेले नव्हते; पहिल्याच वाक्यात त्यांनी आरोप ठेवला. पण ते स्वतः गेले, समोरासमोर बोलले, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबले.

उत्तर काय मिळाले? ही वेदी यज्ञासाठी नाही. उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील की मध्ये ही नदी आहे, तुमचा आमच्या परमेश्वराशी काय संबंध? तसे कोणी म्हणू नये म्हणून ही साक्ष उभी केली आहे. म्हणजे वेदी खरी होती. पाहणाऱ्यांनी सांगितले ते डोळ्यांनी पाहिलेलेच होते. फक्त तिचा अर्थ अगदी उलटा लागला होता. दुफळीची खूण म्हणून जिच्यावरून युद्ध होणार होते, ती वेदी एकीसाठी उभारली होती.

या कथेतील सर्वांत अवघड काम यार्देन ओलांडण्याचे नव्हते. ते परत येण्याचे होते असे आम्हाला वाटते. तलवारी काढून बसलेल्या आपल्याच लोकांसमोर उभे राहून फिनहासाला सांगावयाचे होते की तुम्ही ऐकले तसे नाही. त्याला कोणी फितूर म्हटले असते. तरी त्याने सांगितले. आणि त्यामुळे त्याच्या लोकांचे नुकसान झाले की रक्षण झाले, हे ज्याने त्याने ठरवावे. वर घेतलेल्या आक्षेपाला आमचे उत्तर हेच आहे. जो आपल्या बाजूची बातमी पारखतो तो आपली बाजू सोडत नाही. तो तिला निरपराध्याच्या रक्तापासून दूर ठेवतो. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा न्यायालयापुरती नाही. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात खोटी अफवा पसरवू नये आणि बहुजनांच्या मागे लागून वाईट करू नये, हे एकापाठोपाठ सांगितले आहे, यात अर्थ आहे.

हे किती कठीण आहे याचा पुरावा अलीकडच्या संशोधनातही मिळतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास सुमित्रा बद्रीनाथन या अभ्यासिकेने बिहारमध्ये १,२२४ मतदारांवर एक प्रयोग केला. काही जणांना घरी जाऊन सुमारे तासभर खोट्या बातम्या ओळखण्याचे शिक्षण दिले. एकंदरीत फरक पडला नाही. उलट एका पक्षाचे समर्थक आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखण्यात शिक्षणानंतर अधिकच मागे पडले. युक्ती कळली, पण निष्ठा आड आली. पुढे त्याच राज्यात त्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८३ खेड्यांतील तेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर प्रयोग केला. या वेळी एका तासात उरकले नाही. काही आठवडे चालणारे वर्ग गावोगावच्या वाचनालयांत घेतले. मुले खरेखोटे अधिक चांगले ओळखू लागली, चार महिन्यांनंतरही तो फरक टिकला, आणि मुलांच्या आईबापांतही तो उतरला. आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे नीट वाचावे. प्रौढांना एक व्याख्यान देऊन जे झाले नाही, ते मुलांबरोबर आठवडेच्या आठवडे बसून झाले. आपण दर रविवारी बसतोच.

वर्गात करावे काय? आमच्याकडे एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या शाळेत नाही. येथील मूल दोन भाषा वाचते. मराठी माध्यमात शिकले तरी त्याला कन्नड शिकावेच लागते, आणि याबद्दल मोठी माणसे कितीही कुरकुर करोत, या कामी ते वरदान आहे. दर १ नोव्हेंबरला बेळगावात एकाच दिवशी दोन गोष्टी होतात: एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे मराठी जनांचा काळा दिन. २ तारखेचे एक मराठी व एक कन्नड वर्तमानपत्र आम्ही मोठ्या मुलांसमोर ठेवतो आणि तीनच गोष्टी शोधावयास सांगतो. बातमीत कोणाकोणाचे बोलणे दिले आहे? आकडा दिला असेल तर तो कोणी मोजला असे लिहिले आहे? या बातमीत नसलेले काय त्या बातमीत आहे? एका मुलीने पेन्सिलीने खुणा करून दाखवले की, एका कात्रणात बोलणारी सगळी माणसे मराठी आहेत आणि दुसऱ्यात सगळी कन्नड. तिला त्याचे फार आश्चर्य वाटले. कारण दोन्ही कात्रणांत खोटे असे एकही वाक्य तिला सापडले नव्हते, आणि तरीही एकच कात्रण वाचणाऱ्याला शहराचा अर्धाच भाग दिसला असता. नीतिसूत्रांत सांगितलेच आहे की पहिल्याने मांडलेली बाजू तोवर खरी वाटते, जोवर दुसरा येऊन तपासत नाही.

दुसरा धडा मुळाशी जाण्याचा. महाजन आयोगाचे नाव येथे लहान मुलाच्याही तोंडी असते. १९६६ साली तो नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. कर्नाटक म्हणते तोच अखेरचा शब्द, महाराष्ट्र म्हणतो तो अमान्य. पण त्या अहवालात निपाणीविषयी काय शिफारस आहे, असे विचारले की दोन्हीकडचे पुष्कळ जण गप्प होतात. बेळगाव कर्नाटकात राहावे पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी, आणि महाराष्ट्रातील अक्कलकोटसारखा भाग कर्नाटकाला द्यावा, असे आयोगाने सुचवले होते. म्हणजे अहवाल जसाच्या तसा हवा असे म्हणणाऱ्यालाही काही सोडावे लागते. ज्याच्या नावाने घोषणा देतो ते पान उघडून पाहावे, एवढेच मुलांना शिकवावयाचे आहे. कोणती घोषणा द्यावी हे शिकवणे आमचे काम नव्हे.

तिसरी गोष्ट अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासातून घेण्यासारखी आहे. सॅम वाइनबर्ग व सारा मॅग्रू यांनी दहा इतिहासतज्ज्ञ, पंचवीस विद्यार्थी व बातम्या तपासण्याचा व्यवसाय करणारे दहा जण यांना संगणकावर काही अनोळखी मजकूर तपासावयास दिला. विद्यार्थी व बरेचसे इतिहासतज्ज्ञसुद्धा समोरचेच पान बारकाईने वाचत राहिले आणि त्याच्या सुबक मांडणीला भुलले. व्यावसायिक तपासनीस मात्र ते पान अर्धवट सोडून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहू लागले. स्थळ आले की आपण मुलाचा फोटो भिंगाने पाहत बसत नाही. त्याच्या शेजारीपाजारी चौकशी करतो. हे तेच आहे. आता तर यंत्र कोणाचाही आवाज व चेहरा हुबेहूब करू शकते, तेव्हा भिंगाचा उपयोग आणखीच कमी झाला आहे.

एवढे सांगितले की मंडळीतील एखादे वडील हळूच विचारतात, "आज पोरं बातमी पारखतील, उद्या पवित्र शास्त्र पारखतील. मग?" ही भीती खरी आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात दोन गावे आहेत. थेस्सलनीकात बाजारातील रिकामटेकड्यांना जमवून जमाव उठवण्यात आला व तो यासोनाच्या घरावर धावून गेला. बिरुयात लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे ऐकून घेतले आणि ते तसेच आहे काय हे पाहण्यासाठी रोज शास्त्र उघडले. लूकाने थोर म्हटले ते या दुसऱ्यांना. तपासले म्हणून त्यांचा विश्वास गेला असे तेथे लिहिलेले नाही. त्यांच्यातील पुष्कळांनी विश्वास धरला असे लिहिले आहे. आमच्याच बेळगावचे बाबा पदमनजी पाहा. १८३१ साली येथे जन्मले, येथील मिशन शाळेत शिकले, १८५४ साली येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो निर्णय काही एका रात्रीत झाला नाही. शाळेत ऐकलेले, दोन्ही बाजूंच्या पत्रांत वाचलेले, मुंबईस परमहंस सभेतील मित्रांशी बोललेले, असे सगळे मनात घोळवून झाला. 'अरुणोदय' हे १८८८ सालचे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना हे सांगावयास नको.

उलट, न पारखण्याने विश्वासाचे काय होते याचे उदाहरण मंडळीतच फिरते आहे. 'नासा'च्या संगणकाला काळाच्या हिशेबात एक दिवस कमी आढळला आणि तो यहोशवाच्या वेळी सूर्य थांबला तो दिवस निघाला, हा किस्सा १९६९-७० पासून जगभर छापला व सांगितला जातो. नासाने त्याचा वेळोवेळी इन्कार केला आहे. तरीही तो व्यासपीठावरून ऐकू येतो, आणि तरुण मुले बाकावर बसल्या बसल्या मोबाईलवर खरेखोटे पाहून घेतात. मग त्यांना पुढची दोन वचनेही त्याच जातीची वाटू लागली तर दोष कोणाचा? दहाव्या अध्यायासाठी नासाची साक्ष शोधणाऱ्यांनी त्याच पुस्तकाचा बाविसावा अध्याय वाचला असता तर बरे झाले असते.

मात्र पारखणे आणि सगळेच झिडकारणे यांत गल्लत होऊ देऊ नये. "सगळेच खोटं बोलतात, साहेब" असे म्हणणारा मुलगा हुशार वाटतो. पण त्याने काहीच तपासलेले नसते. चौकशी संपल्यावर फिनहासाने विश्वास ठेवला, म्हणून युद्ध टळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले, तेव्हा घरे सोडण्याच्या सूचनाही मोबाईलवरूनच येत होत्या. अशा वेळी खरी सूचना अफवा म्हणून टाकून देणाऱ्याचीही गत बरी होत नाही. कोणाचे ऐकावे हे शिकवणे हाही याच शिक्षणाचा भाग आहे: नाव सांगणारा, पत्ता सांगणारा, चुकल्यास दुरुस्ती करणारा.

राहता राहिली रीत. चार नव्या गोष्टी शिकलेले मूल घरच्या व्हॉट्सॲप गटात आजोबांना सर्वांसमोर खोटे पाडते, तेव्हा त्याचे म्हणणे बरोबर असूनही कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाची चूक आधी एकांतात सांगावयास सांगितली आहे. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की गटात उत्तर लिहू नका. जेवणे झाल्यावर आजोबांच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "आज्जा, ह्ये तुमास्नी कुणी धाडलं?" बहुधा उत्तर येते, "तुझ्या मामानं." मग मामाला फोन लावा. मामा आणखी कोणाचे नाव सांगेल. त्यालाही नमस्कार करून विचारा. असे किती जण मागे गेल्यावर, ती गोष्ट स्वतः पाहिलेला माणूस भेटतो, की भेटतच नाही, हे प्रत्येकाने वहीत नावांसकट लिहून आणावे, असा पुढच्या महिन्याचा गृहपाठ आम्ही दिला आहे. शिक्षकांनीही आपापली वही घालावी.